गाडीच्या समोरून ठकठक येऊन राहिली असेल तर शॉकअप बदलायच्या आधी माउंटिंग पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात खड्ड्यांचे फोटो येतात, कोणत्या रोडचं डांबर उखडलं, कोणत्या रपट्यावरून पाणी गेलं, हे सगळं येतं अन् ते आलंच पाहिजे. पण त्याच खड्ड्यातून रोज गाडी काढणाऱ्या माणसाच्या गाडीचं आतून काय होऊन राहिलं यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर खुशाल कापा, फक्त शॉकअपचं वरचं माउंटिंग तपासायची रीत अन् त्याच्या मधल्या नटाबद्दलचा इशारा तेवढा राहू द्या.

मी दारव्हा तालुक्यातला. बरीच वर्षं गॅरेजात काम केलं, आता शेती पाहतो, तरी गावातल्या अन् आजूबाजूच्या गाड्या अजूनही माझ्या अंगणात येतात. गाड्या म्हणजे काही कोऱ्या नाही. मारुती ८००, अल्टो, जुनी वॅगनआर, सँट्रो, इंडिका, कोणी नागपूरहून सेकंडहँड आणलेली, कोणी सोयऱ्याकडून घेतलेली. आमच्याकडची शकुंतला रेल्वे बंद पडली, एसटी ठरलेल्या टाइमलाच, मग रात्री-बेरात्री बाळंतीण यवतमाळच्या मेडिकलला न्यायची, कोणाला सावंगी मेघेला, कोणाला सेवाग्रामला, हे सगळं याच गाड्यांवर चालतं. त्याच गाडीच्या डिक्कीत युरियाच्या बॅगा, त्याच गाडीत पोरीची शाळा अन् म्हाताऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन. पंधरा-वीस वर्षांची गाडी आमच्याकडे घरातला कर्ता माणूस आहे, तिला भंगारात काढा असं सांगणं सोपं आहे पण तिच्या जागी दुसरी आणायची ऐपत किती जणांची आहे?

अन् या गाड्यांची सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, समोरून ठकठक आवाज येऊन राहिला. माणूस तालुक्याला गॅरेजात जातो, तिथला पोरगा गाडीची एक चक्कर मारून आणतो अन् सांगतो, काका शॉकअप (खड्ड्याचा हिसका जिरवणारे नळकांडे) गेले. मग नवीन शॉकअपची जोडी पडते, हजारो रुपये जातात, काही दिवस गाडी बरी वाटते अन् आवाज पुन्हा सुरू. मग लोअर आर्म, मग लिंक रॉड, मग कोणीतरी म्हणतं स्टीअरिंगचा रॅकच गेला. अन् या सगळ्यात ज्या भागाकडे कोणी पाह्यलंच नाही तो भाग बोनेट उघडलं की डोळ्यासमोर असतो. शॉकअपचं वरचं माउंटिंग. नवीन शॉकअप टाकला तरी त्याच्या डोक्यावर जुनंच, फाटलेलं माउंटिंग पुन्हा बसवलेलं असतं, मग आवाज जाणार कसा?

हे माउंटिंग म्हणजे नेमकं काय ते आधी सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्या गाडीत असं काही आहे हेच माहीत नसतं असा माझा अनुभव आहे. बोनेट उघडा. समोरच्या दोन्ही चाकांच्या बरोबर वर, एप्रनवर म्हणजे बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर, एक-एक गोल उंचवटा दिसेल. त्यावर गाडीगणिक दोन किंवा तीन नट अन् मधोमध एक मोठा नट, कधी त्यावर रबराची किंवा प्लास्टिकची टोपी. काही गाड्यांत हे काचेखालच्या प्लास्टिकच्या जाळीखाली लपलेलं असतं, जाळी काढावी लागते. त्या उंचवट्याच्या खालून माउंटिंग बसवलेलं असतं, म्हणजे लोखंडी पत्र्याला पक्कं चिकटवलेलं जाड रबर, त्याच्यासोबत एक बेअरिंग, त्याखाली स्प्रिंगची वरची वाटी, मग स्प्रिंग, अन् स्प्रिंगच्या पोटातून वर येणारा शॉकअपचा रॉड. गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन अन् खड्ड्याचा प्रत्येक हिसका या रबरातून जातो. अन् तुम्ही स्टीअरिंग फिरवलं की चाकासोबत अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट फिरतो, वरची बॉडी मात्र जागेवर असते, तर हे फिरणं जात्याच्या वरच्या दगडासारखं ज्याच्यावर होतं ते हे बेअरिंग. म्हणजे एकाच ठिकाणी दोन कामं, रबर हिसका खातं अन् बेअरिंग फिरू देतं, अन् दोन्ही वेगवेगळी खराब होतात, दोन्हीचा त्रासही वेगळा.

या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना, फोर्डने इंग्लंडमध्ये १९५० साली कॉन्सल अन् झेफर या गाड्यांत ती आणली. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली मारुती ८०० ने, १९८३ पासून पुढे, अन् मग सँट्रो, इंडिका, वॅगनआर, अल्टो सगळ्यांनी समोर हेच वापरलं. त्याआधीच्या ॲम्बेसेडर अन् पद्मिनीत समोर हा प्रकार नव्हता, बोलेरो-सुमोचीही समोरची बांधणी वेगळी आहे, त्यामुळे हे पत्र त्यांच्या मालकांसाठी नाही. ८०० चं प्रॉडक्शन २०१४ ला थांबलं तरी आमच्या तालुक्यात ती अजून रोज दिसते.

आता हे रबर आमच्याकडेच इतक्या लवकर काहून मरतं? पहिलं कारण ऊन. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो हे आपणच पहिल्या पानावर छापता. त्या उन्हात उभी असलेली गाडी, त्यात बोनेटखालची इंजिनची गरमी, रबर कडक होतं, चिरा पडतात. दुसरं आमची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यावरचा डांबरी रोड दर वर्षी लाटा घेतो, कडा खचतात. पांदणीचं तर बोलूच नका. त्यावर आमचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद अन् मधोमध १० सेंटीमीटर उंच असायला पाहिजे, म्हणजे गाडी त्यावर चढून उतरली पाहिजे. आमच्या गावागावात काय आहे ते आपण जाणता, हातभर रुंदीचा डांबराचा वरंबा, तोही पट्टा न मारलेला, रात्री दिसत नाही, गाडी चढत नाही, आदळते. शॉकअप पूर्ण दाबला जातो तेव्हा आतला बंप स्टॉप, म्हणजे रॉडवरचा रबरी ठोकळा, लागतो, अन् जुन्या गाडीत तो बंप स्टॉप आधीच चुरा होऊन गेलेला असतो, मग तो हिसका सरळ वरच्या माउंटिंगवर.

तिसरं कारण आपलं आपणच करतो. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यावर खालून जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची पद्धत आहे, गंजू नये म्हणून. लोखंडाला त्याने थोडाफार फायदा होत असेल, पण रबराला तेल म्हणजे विष आहे. सांध्यातले रबरी बुश, माउंटिंग, शॉकअपच्या रॉडवरचं धुळीचं रबर, सगळं तेलाने फुगतं, मऊ पडतं अन् पत्र्यापासून सुटतं. बॉडीच्या खालून मारायचंच असेल तर गंजरोधक कोटिंग मिळतं ते मारा, पण चाकाच्या खोबणीत तेलाचा फवारा मारू देऊ नका. तसंच ते स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचे रबरी बफर, गाडी उंच होते म्हणून पोरं हौसेने बसवतात. स्प्रिंगचं दबणं त्यांनी अडवलं की तो हिसका कुठंतरी जाणारच ना. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांचं माउंटिंग बहुतेक वेळा खचलेलंच असतं.

आता तपासायचं कसं. याला मशीन लागत नाही, एक सोबतीचा माणूस लागतो. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा, इंजिन बंद. टोपी असेल तर काढा. पहिले नुसतं पाहा, डावीकडचं अन् उजवीकडचं. मधला नट भोकाच्या मधोमध आहे का एका बाजूला झुकला? दोन्हीकडे सारखा आहे का? रबराला कडेने भेग गेली का, रबर अन् पत्रा यांच्यात नख जाईल अशी फट पडली का, लालसर गंजाची पूड जमली का? मग बाजूचे दोन-तीन नट घट्ट आहेत का ते पान्याने पाहा, नुसतं घट्ट आहेत का एवढंच, जोर लावून पिळायचे नाही. कधीकधी कोणी आधी काम करताना हेच नट अर्धवट सोडलेले असतात अन् सगळी ठकठक तेवढ्यानेच असते.

त्यानंतर सोबत्याला सांगा की त्या बाजूच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबायची अन् सोडायची, लयीत. तुम्ही तळहात माउंटिंगच्या वर ठेवा. चांगलं माउंटिंग असेल तर हाताखाली बारीक हालचाल होते, रबर दबतं अन् परत येतं, टोचत काही नाही. खराब असेल तर ठक असा टोला तळहातात येतो, मधला नट अन् त्याखालची ताटली वरखाली उडताना दिसते. हा टोला कानापेक्षा हाताला आधी कळतो. गाडीत बसून ऐकलं तर आवाज कुठून येऊन राहिला हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, पत्रा आवाज सगळीकडे पोचवतो, म्हणून हात लावूनच पाहा.

मग बेअरिंग. यासाठी गाडी जॅकवर घ्यायची नाही, वजन चाकावरच पाहिजे. सोबत्याला आत बसवा, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं लागेल, तेव्हा बाही, दुपट्टा, गमछा पंख्यापासून अन् बेल्टपासून लांब ठेवा, रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो हे विसरू नका. तुम्ही चाकाच्या वरच्या बाजूने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटांची टोकं हलकेच टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, अजिबात नाही. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग स्टीअरिंगसोबत एकसारखी फिरते. जाम असेल तर स्प्रिंग थोडी थांबते, पीळ खाते अन् मग एकदम झटका देऊन सुटते, बोटाला तो झटका स्पष्ट लागतो अन् त्याच वेळी टंग असा आवाज येतो, तार तुटल्यासारखा. मधला नट स्टीअरिंगसोबत फिरतो की नाही यावर जाऊ नका, काही गाड्यांत फिरतो, काहींत फिरत नाही. पाहायचं एवढंच की फिरणं सलग आहे का झटक्याने, अन् रॉड बाजूला डुलतो का.

चालवतानाही बेअरिंग सांगत असतं. वळण संपलं की स्टीअरिंग आपोआप सरळ व्हायला पाहिजे. ते मध्येच अडकून राहत असेल, हाताने परत आणावं लागत असेल, उभ्या गाडीत फिरवताना कुरकुर किंवा टंगटंग होत असेल, तर आधी टायरची हवा पाहा, हवा कमी असली तरी स्टीअरिंग जड होतं, अन् हवा बरोबर असूनही तसंच असेल तर बेअरिंगवर शंका घ्या. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या गाड्यांत मोटर जोर लावते त्यामुळे जडपणा लवकर कळत नाही, तिथे आवाज अन् सरळ न होणं या दोनच खुणा. दारव्ह्याहून नागपूरपर्यंत असं अडकणारं स्टीअरिंग धरून नेलेल्या ड्रायव्हरचे खांदे रात्री पाहा, मग कळेल मी काहून एवढं सांगून राहिलो.

शेवटी जॅक. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड नाही, लाकडी गुटके लावा, जॅक नेमलेल्या जागीच लावा, चाक जमिनीपासून थोडं सुटलं की थांबा. गाडीखाली कोणीही जायचं नाही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर नाहीच नाही. आता वरून पुन्हा माउंटिंग पाहा. चाक लोंबकळलं की काही गाड्यांत ताटली अन् एप्रनमध्ये थोडी फट पडतेच, ती त्या गाडीची रचना आहे, त्यामुळे घाबरून जायचं नाही, दोन्ही बाजूंची फट ताडून पाहायची. एका बाजूला कमी अन् दुसऱ्या बाजूला बोटभर, तर तिथलं रबर सुटलं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एका भावाची वॅगनआर आली होती. त्याने एका गॅरेजात शॉकअप नवीन टाकले होते, अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांची दिशा अन् कल जुळवणं, दोनदा करून झाली होती, तरी गाडी डावीकडे ओढत होती अन् डाव्या टायरची आतली कड पार तारेपर्यंत खाल्लेली, बाहेरून टायर नवा दिसे. बोनेट उघडलं तर डावीकडचा मधला नट इंजिनच्या बाजूला कललेला अन् बाहेरच्या कडेने रबरात द्वितीयेच्या चंद्राच्या आकाराची फट, तीत धूळ भरून पक्की झालेली. त्याच्या पोराने मडगार्ड दाबलं तशी ती धूळ फटीतून फुर्रकन वर उडाली. माउंटिंगचं रबर एका बाजूने सुटलं की शॉकअपचं वरचं टोक सरकतं, अन् वरचं टोक सरकलं की चाकाचा कल बदलतो, मग अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे तेवढ्यापुरते बसवले तरी पुढच्या खड्ड्याला पुन्हा बिघडणार. दोन्ही माउंटिंग अन् बेअरिंग बदलली, त्यानंतर अलाइनमेंट केली, आवाजही गेला अन् ओढणंही गेलं. टायर मात्र टाकूनच द्यावा लागला.

अन् अशा टायरवर लोक कारंजा लाडला समृद्धी महामार्गावर चढतात. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रोड, १२० ची परवानगी, भर दुपारी तापलेला, अन् आतून तार दिसणारा टायर. टायर फुटण्याच्या बातम्या आपण देता तेव्हा हवा अन् वेग याबद्दल लिहिता, ते बरोबरच आहे, पण तो टायर आतून काहून झिजला याची मुळं वर बोनेटखाली असू शकतात हेही त्या बातमीखाली एकदा लिहा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, प्रत्येक ठकठक माउंटिंगची नसते. बारीक खड्ड्यांवर, विटांच्या रोडवर हलका खडखड आवाज येत असेल तर बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनची बारीक जोडदांडी) असतो, ज्या गाडीला आहे तिथे. ब्रेक मारताना किंवा एकदम वेग वाढवताना एकच ठक येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश पाहा, इंजिनचं माउंटिंगही पाहा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं अन् ढिलं लागलं तर बॉल जॉइंट (लोअर आर्म अन् चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हलवलं अन् ढिलं लागलं तर टायरॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. यातला बॉल जॉइंट सगळ्यात घातकी, तो सुटला तर चाक चालत्या गाडीत आडवं पडतं, त्याची शंका असेल तर गाडी पुढे न्यायचीच नाही. शॉकअप खरंच गेला असेल तर त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, गाडी दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबत नाही, झुलत राहते. हे सगळं पाहायला मिस्त्रीला फार तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न देता नुसत्या चक्करवरून जोडी बदलायला सांगणाऱ्याला गिऱ्हाइकाने सरळ विचारावं, भाऊ, माउंटिंगवर हात ठेवून पाह्यलं का?

आता तो इशारा. वरचा मधला नट घरी कोणीही, कसाही, थोडासाही सैल करू नका. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते अन् तिला वरून धरून ठेवणारा हा एकच नट आहे. शॉकअप गाडीतून काढून समोर ठेवला, स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) न लावता हा नट खोलला, तर स्प्रिंग अन् माउंटिंग गोळीसारखं उडतं, जबडा, डोळा, हाताची बोटं, काहीही जाऊ शकतं. यूट्यूबवर व्हिडिओ पाहून घरच्या पान्यांनी करायचं हे काम नाही. अन् गॅरेजवाल्या भावांनाही हात जोडून विनंती, दोरी बांधून किंवा पायाखाली दाबून स्प्रिंग खोलायची जी पद्धत काही ठिकाणी अजून चालू आहे ती बंद करा, शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांच्या हातात तर ते काम देऊच नका. कंप्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावा, थोडं इकडे थोडं तिकडे असं सारखं आवळा, अन् तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

बदलताना काय पाहायचं तेही थोडक्यात लिहितो. दोन्ही बाजूंचं सोबत बदला. माउंटिंग घेताना बेअरिंग त्यातच आहे का वेगळं घ्यावं लागतं ते दुकानदाराला विचारा, कितीतरी लोक नवीन रबराखाली जुनंच किरकिरणारं बेअरिंग बसवून घेतात. बंप स्टॉप अन् धुळीचं रबर त्याच वेळी टाकून घ्या, शॉकअपच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही अन् मजुरी सगळ्याची एकच, कारण शॉकअप तर खाली उतरवावाच लागतो. म्हणूनच शॉकअप बदलत असाल तेव्हा जुनी माउंटिंग डोळ्यासमोर काढून दाखवायला सांगा, बेअरिंग बोटाने फिरवून पाहा, खडा लागल्यासारखं फिरत असेल तर पुन्हा बसवू देऊ नका. रॉडचा चकचकीत भाग पक्कडीने धरलेला दिसला तर तिथेच थांबवा, त्यावर एक ओरखडा आला की शॉकअपचं सील कापलं जातं अन् नवा शॉकअप काही महिन्यांत तेल टाकायला लागतो. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलं का पाहा. अन् अलाइनमेंट सगळं झाल्यावर करा, आधी केलेली वाया जाते.

सेकंडहँड गाडी पाहायला जाता तेव्हाही हे करा. विकणारा पॉलिश दाखवतो, नवीन सीट कव्हर दाखवतो, टेप वाजवून दाखवतो. तुम्ही बोनेट उघडून स्टीअरिंग फिरवायला सांगा, समोरच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. एप्रनवर, माउंटिंगच्या भोवती, पत्रा गंजून पापुद्रे निघाले असतील किंवा तिथे नवीन वेल्डिंग दिसत असेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. माउंटिंग बदलता येतं, ते ज्या पत्र्यावर टेकलं तो पत्राच गेला असेल तर काय बदलणार.

साहेब, आता माझ्या दोन-तीन मागण्या, त्या आपल्या पेपरातून पोचाव्यात म्हणून लिहितो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं, अन् एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० झाली. गरीब माणूस ते पैसे भरतो. तिथे चेसिस नंबर पाहायला बोनेट उघडलंच जातं, तर त्याच वेळी एका माणसाने माउंटिंगवर हात ठेवावा अन् दुसऱ्याने स्टीअरिंग फिरवावं, दोन मिनिटांचं काम आहे, अन् दोष दिसला तर मालकाला कागदावर लिहून द्यावा. पाच हजारांच्या बदल्यात एवढं तर मिळालं पाहिजे.

दुसरं, आपल्या तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, त्यात बॅनर लागतात, भाषणं होतात, हेल्मेटची रॅली निघते. त्यासोबत एक दिवस आयटीआयच्या मुलांनी सरांच्या देखरेखीखाली बाजारच्या दिवशी जुन्या गाड्यांचं समोरचं सस्पेन्शन फुकट तपासून द्यावं. मुलांना शंभर तऱ्हेच्या गाड्या हाताळायला मिळतील, वर्गात एकाच कापलेल्या मॉडेलवर जे कळत नाही ते एका दिवसात कळेल. दुसरी फेरी मृगाच्या आधी, मे अखेरीस घेतली तर पावसाळ्यात दवाखान्याच्या वाटेवर बंद पडणाऱ्या गाड्या कमी होतील.

तिसरी मागणी बांधकाम विभागाकडे अन् ग्रामपंचायतींकडे. गतिरोधक मापात करा, त्यावर पांढरे पट्टे मारा, आधी फलक लावा. शाळेसमोर गतिरोधक पाहिजेच, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण ३.७ मीटरचा गोलसर गतिरोधक वेग कमी करतो अन् हातभर रुंदीचा वरंबा अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पेशंटची कंबर मोडतो, हा फरक कंत्राटदाराला समजावून सांगायला काय हरकत आहे?

अन् आपल्याकडे एक विनंती. रविवारच्या अंकात ट्रॅक्टरवर, फवारणीच्या पंपावर माहिती येते तशी जुन्या गाड्यांच्या देखभालीवर महिन्यातून एक कोपरा द्या, चित्रासहित. पहिलं चित्र या माउंटिंगचंच काढा, मधल्या नटाला लाल गोल करून.

आपला,
एक नियमित वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ